अल्बानियनांचं एकच राज्य का झालं नाही? १९१३ ची सीमा ते आजचा कोसोवो

नकाशावेडा

बाल्कनबद्दल मराठीत जे थोडंफार लिहिलं जातं त्यात टिटो असतो, बोस्निया असतो, बेलग्रेडवर पडलेले नाटोचे बॉम्ब असतात. अल्बानियन लोक दुसऱ्यांच्या गोष्टीत येऊन जातात, आणि येतात तेही बहुतेक वेळा 'ग्रेटर अल्बानिया'चा धोका म्हणून. मला वाटतं, या लोकांचं म्हणणं आधी नीट ऐकून घ्यावं. मग वाद घालावा, आणि तो मीही घालणार आहे.

अल्बानियन भाषक सलग राहतात तो पट्टा आज पाच देशांत वाटला गेलाय : अल्बानिया, कोसोवो, उत्तर मॅसेडोनियाचा पश्चिम भाग (तेतोवो, गोस्तिवार, देबार), माँटेनेग्रोतला उल्चिनचा किनारा आणि डोंगराळ सीमाभाग, आणि दक्षिण सर्बियातलं प्रेशेवो खोरं. या सगळ्यांचं मिळून एक राज्य हवं, ही मागणी हवेतून आली नाही. १८७८ मध्ये रशियाने तुर्कांचा पराभव केला आणि सान स्तेफानोच्या तहात अल्बानियन वस्तीचे तुकडे बल्गेरिया, सर्बिया आणि माँटेनेग्रोला द्यायचं ठरलं. त्या तहाचा फेरविचार करायला युरोपातल्या सत्ता बर्लिनला जमत होत्या. तिकडे १० जून १८७८ ला कोसोवोतल्या प्रिझ्रेन गावात अल्बानियन पुढारी एकत्र आले. हीच प्रिझ्रेनची लीग. तिचा सुरुवातीचा सूर सुलतानाशी एकनिष्ठ राहण्याचाच होता. आमची जमीन वाटू नका, एवढंच म्हणणं होतं. नंतर अब्दुल फ्राशेरींसारख्यांनी पुढची मागणी केली : कोसोवो, श्कोदर, मोनास्तिर आणि यानिना हे चार विलायत, म्हणजे उस्मानी प्रांत, जोडून एक स्वायत्त प्रांत करा.

पुढच्या सगळ्या वादाचं मूळ इथे आहे असं माझं मत आहे. त्या चार विलायतांत अल्बानियन होतेच, पण सर्ब, ग्रीक, स्लाव्ह मॅसेडोनियन, व्लाख, तुर्क हेही होते. मागणी बचावासाठी केलेली, पण तिच्या नकाशात शेजाऱ्याचं घरही येत होतं.

लीगचं पुढे काय झालं? उल्चिन माँटेनेग्रोला द्यायला लीगने सशस्त्र विरोध केला. युरोपीय सत्तांनी युद्धनौका आणून उभ्या केल्या, तेव्हा सुलतानाच्याच फौजेने लीगच्या माणसांना हटवून १८८० मध्ये गाव माँटेनेग्रोच्या हवाली केलं. १८८१ मध्ये लीग मोडून काढली.

अल्बानियनांची अडचण शेजाऱ्यांपेक्षा वेगळी होती. सर्बांना आणि ग्रीकांना आपापलं चर्च होतं आणि चर्चच्या शाळा होत्या. अल्बानियन मात्र मुसलमान (सुन्नी आणि बेक्ताशी या सूफी पंथाचे), ऑर्थोडॉक्स आणि कॅथलिक अशा धर्मांत विभागलेले. उस्मानी दप्तरात माणूस धर्मावरून मोजला जाई, त्यामुळे मुसलमान अल्बानियनाचं पोर तुर्की शाळेत आणि ऑर्थोडॉक्स अल्बानियनाचं ग्रीक शाळेत जायचं. लिपीही एक नाही. कोणी अरबी अक्षरांत लिही, कोणी ग्रीक, कोणी लॅटिन. पहिली अल्बानियन शाळा कोर्चा गावात १८८७ मध्ये निघाली आणि लॅटिन लिपी पक्की झाली ती नोव्हेंबर १९०८ मध्ये, मोनास्तिरच्या (आजच्या बितोलाच्या) परिषदेत. लिपी ठरल्यानंतर चारच वर्षांत, २८ नोव्हेंबर १९१२ ला, इस्माईल केमालींनी व्लोरा बंदरात स्वातंत्र्य जाहीर केलं. तेव्हा पहिलं बाल्कन युद्ध सुरू होतं, कोसोवो सर्बियन सैन्याच्या हातात गेलेलं होतं आणि किनाऱ्यावर ग्रीक आरमार होतं. नव्या सरकारची सत्ता व्लोराच्या आसपासच चालायची.

सीमा ठरली लंडनमध्ये, सहा मोठ्या सत्तांच्या राजदूतांच्या परिषदेत. ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटलीला अल्बानिया हवा होता, कारण सर्बियाला एड्रियाटिक समुद्रापर्यंत पोचू द्यायचं नव्हतं. रशियाला सर्बियाला जास्तीत जास्त मुलूख मिळवून द्यायचा होता. श्कोदर अल्बानियाकडे राहावं म्हणून ऑस्ट्रियाने ग्याकोवा आणि देबार या गावांवरचा आग्रह सोडला. म्हणजे काय झालं, ते जमिनीवर बघा. ग्याकोवा ही डोंगरातल्या अल्बानियन टोळ्यांची बाजारपेठ. लोकर, गुरं विकायची तिथे आणि मीठ, धान्य न्यायचं तिथून. रेघ अशी आखली की बाजार माँटेनेग्रोत आणि डोंगर अल्बानियात. देबारचंही तेच, फक्त ते सर्बियात गेलं. सप्टेंबर १९१३ मध्ये या डोंगरी लोकांनी उठाव केला, त्यामागे हे बंद झालेले बाजार होते. जवळजवळ निम्मे अल्बानियन नव्या देशाबाहेर राहिले.

अल्बानियन माणूस १९१३ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे हे असतं, आणि त्याचा राग मला रास्त वाटतो.

पण एकत्र अल्बानिया एकदा प्रत्यक्षात आला होता, आणि त्याबद्दल गप्प बसून चालणार नाही. एप्रिल १९३९ मध्ये मुसोलिनीने अल्बानिया गिळला. १९४१ मध्ये युगोस्लाव्हिया कोसळल्यावर कोसोवोचा बराचसा भाग, पश्चिम मॅसेडोनिया आणि माँटेनेग्रोची एक पट्टी इटलीने या अंकित अल्बानियाला जोडली. कोसोवोत अल्बानियन शाळा निघाल्या, म्हणून पुष्कळांनी त्याचं स्वागत केलं. त्याच काळात तिथल्या सर्बांना, विशेषतः दोन युद्धांच्या मधल्या काळात सरकारने आणून वसवलेल्या शेतकऱ्यांना, घरं जाळून हाकललं गेलं. जर्मनांनी उभारलेल्या स्कांदरबेग एसएस डिव्हिजनने १९४४ मध्ये प्रिश्तिनातले (आजच्या कोसोवोच्या राजधानीतले) ज्यू पकडून दिले. खुद्द अल्बानियात मात्र लोकांनी ज्यूंना घराघरांत लपवलं आणि युद्ध संपताना तिथे ज्यूंची संख्या आधीपेक्षा वाढलेली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आता आजचं. कोसोवोने १७ फेब्रुवारी २००८ ला स्वातंत्र्य जाहीर केलं. त्याच्या राज्यघटनेचं पहिलंच कलम सांगतं की हा देश दुसऱ्या कोणत्याही देशावर वा देशाच्या भागावर हक्क सांगणार नाही आणि कोणाशी विलीनही होणार नाही. स्वातंत्र्याला पाश्चात्त्य पाठिंबा मिळाला तो या अटीवर. झेंडाही निळा, त्यावर सोनेरी नकाशा आणि सहा समाजांचे सहा तारे. अल्बानियाच्या लाल झेंड्यावरचा दोन डोक्यांचा काळा गरुड त्यावर नाही. अल्बानियनांचं एकीकरण मागणाऱ्यांना स्वतःच्या देशाच्या घटनेनेच मनाई केली आहे. हे योग्य झालं का? मला वाटतं त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता, आणि आजही ते कलम काढू नये. तुमचं मत वाचायला आवडेल.

---

जुना वाचक

लेख मेहनतीने लिहिलाय, पण झुकता आहे. आमच्या पिढीला युगोस्लाव्हिया म्हणजे नेहरू, नासर आणि टिटो. तो देश मोडला याचं वाईट वाटतं आणि तो मोडण्यात अल्बानियन राष्ट्रवादाचाही हात होता.

कोसोवो ही सर्बांसाठी नकाशावरची एक पट्टी नाही. पेचचं धर्मपीठ, देचानी, ग्राचानित्सा हे मध्ययुगीन मठ तिथे आहेत, तुर्कांशी १३८९ ची लढाई तिथे झाली. मार्च २००४ मध्ये अल्बानियन जमावांनी दोन दिवसांत तिथली किती चर्चं जाळली आणि किती सर्बांना घरं सोडायला लावली तेही लेखात यायला हवं होतं. देचानी मठाला आजही नाटोप्रणीत फौजेचा पहारा लागतो. जे लोक पीडित म्हणून जगापुढे आले, त्यांनी सत्ता हाती येताच शेजाऱ्याशी काय केलं?

---

नकाशावेडा

आप्पा, मार्च २००४ बद्दल तुमच्या शब्दाशब्दाशी सहमत. प्रिझ्रेनमधलं चौदाव्या शतकातलं लेविशाची देवीमातेचं चर्च त्या वेळी जाळलं गेलं, आतली भित्तिचित्रं काळवंडली. जिथे लीग भरली त्याच गावात हे घडलं. याचं समर्थन होत नाही.

पण युगोस्लाव्हिया मोडण्याचा क्रम बघा. १९७४ च्या घटनेने कोसोवोला स्वायत्तता दिली होती. मार्च १९८१ मध्ये प्रिश्तिना विद्यापीठातली पोरं रस्त्यावर आली ती खाणावळीतल्या वाईट जेवणावरून. काही दिवसांत घोषणा झाली 'कोसोवो रिपब्लिक'. म्हणजे युगोस्लाव्हियाच्या आतच सातवं प्रजासत्ताक. अल्बानियात जायचं हे मुख्य म्हणणं नव्हतं. ते रणगाड्यांनी मोडलं. १९८९ मध्ये सर्बियाचा नेता मिलोसेविच याने स्वायत्तताच काढून घेतली. ती राहिली असती तर कोसोवो आजही कदाचित बेलग्रेडशी कुठल्यातरी नात्यात असता असं मला वाटतं.

---

मेघना_झ्युरिक

मी स्वित्झर्लंडमध्ये राहते. इथे कोसोवोची माणसं सगळीकडे आहेत : बांधकामावर, हॉस्पिटलात, माझ्या ऑफिसातही. माझ्या टीममधली एक मुलगी प्रिश्तिनाजवळची. तिच्याकडून ऐकलेलं सांगते, कारण हे पुस्तकांत कमी येतं.

नव्वदच्या दशकात अल्बानियन शिक्षकांना काढून टाकलं आणि शाळांच्या इमारतींतून अल्बानियन मुलांना बाहेर काढलं. मग कोसोवोतल्या अल्बानियनांचे नेते इब्राहिम रुगोवा यांच्या लोकांनी समांतर शाळा चालवल्या, खासगी घरांत. ही मुलगी चौथीपर्यंत एका शेजाऱ्याच्या बैठकीच्या खोलीत शिकली. बाकं नव्हती, सगळे गालिच्यावर. बूट दाराबाहेर ठेवायचे नाहीत, आत आणायचे, कारण दारात पन्नास जोड दिसले की पोलिसांना कळणार. या शाळांचा खर्च कुठून यायचा? इथून. परदेशात काम करणाऱ्यांनी पगाराचे तीन टक्के द्यायचे असं ठरलेलं होतं. सक्ती नव्हती, पण तिचे वडील दर महिन्याला द्यायचे.

एकीकरणाबद्दल तिला विचारलं तर म्हणते, "आम्ही एकच आहोत, पण सरकारं एक करायची घाई काय?" तिच्या आजोबांना मात्र विचारायचीही गरज नाही. २८ नोव्हेंबरला त्यांच्या गॅलरीत लाल झेंडा लागतो, कोसोवोचा निळा झेंडा घरात कुठेच नाही.

आणि फुटबॉल! जून २०१६, युरो स्पर्धा, लांस शहरात स्वित्झर्लंड विरुद्ध अल्बानिया. ग्रानित झाका स्विस संघात आणि त्याचा सख्खा मोठा भाऊ ताउलांत अल्बानियाच्या संघात. आईवडील कोसोवोतले, दोघं जन्मले बाझलमध्ये. आई स्टेडियममध्ये बसली होती, अंगात अर्धा स्विस आणि अर्धा अल्बानियन टी-शर्ट. आमच्या ऑफिसात सगळे तो फोटो एकमेकांना पाठवत होते.

---

कृष्णाकाठ

मेघनाताई, बुटांची गोष्ट कायम लक्षात राहील.

फुटबॉलचं निघालंच आहे तर १४ ऑक्टोबर २०१४ ची मॅचही यायला हवी. बेलग्रेड, सर्बिया विरुद्ध अल्बानिया, पाहुण्या प्रेक्षकांना बंदी. पहिला हाफ संपत आलेला, ०-०. वरून एक ड्रोन आलं, खाली लटकलेलं कापड : लाल-काळा नकाशा, इस्माईल केमाली आणि कोसोवोचा इसा बोलेतिनी यांचे चेहरे. सर्बियाच्या मित्रोविचने ते कापड ओढून घेतलं, अल्बानियाचे खेळाडू ते परत घ्यायला धावले, मग प्रेक्षक मैदानात आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्यांनी मारामारी. युएफाने आधी सर्बियाला विजय दिला, पण क्रीडा लवादाने जुलै २०१५ मध्ये निकाल फिरवला आणि अल्बानियाला ३-० ने विजयी ठरवलं. त्या गुणांचा अल्बानियाला पात्र ठरायला उपयोग झाला.

मला प्रश्न पडतो तो असा : स्टेडियमवर नकाशा फडकवणारे आणि मतदान करणारे तेच लोक आहेत का? एकीकरण हाच कार्यक्रम असलेला पक्ष तिथे निवडून येतो का?

---

नकाशावेडा

चांगला प्रश्न. मनात आणि मतपेटीत मोठं अंतर आहे. २०१० च्या गॅलपच्या पाहणीत कोसोवोतल्या सुमारे ८० टक्के आणि अल्बानियातल्या ६० टक्क्यांहून जास्त लोकांनी एकत्र राज्याला पसंती दाखवली होती. पण २०१२ मध्ये अल्बानियात 'लाल-काळी आघाडी' नावाचा पक्ष याच मुद्द्यावर उभा राहिला, तेव्हा पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत त्याला एकही जागा मिळाली नाही. स्वातंत्र्याच्या शताब्दीला, नोव्हेंबर २०१२ मध्ये, पंतप्रधान साली बेरिशांनी ग्रीसमधल्या प्रेवेझापासून प्रेशेवोपर्यंतच्या अल्बानियन भूमीचा उल्लेख केला. ग्रीसच्या परराष्ट्रमंत्र्यांनी ताबडतोब दौरा रद्द केला आणि बेरिशांना त्याचा घरात काही फायदा झाला नाही. पुढच्याच वर्षी ते हरले.

कोसोवोत अल्बिन कुर्तींचा वेतेवेंदोस्ये पक्ष मात्र सत्तेवर आला. २०२१ मध्ये कुर्ती म्हणाले होते की एकीकरणावर सार्वमत झालं तर आपण बाजूने मत देऊ. तो त्यांचा जुना विचार आहे. पण लोकांनी त्यांना निवडलं ते भ्रष्टाचाराविरुद्ध आणि नोकऱ्यांसाठी. आणि सत्तेत आल्यावर त्यांचं सर्वांत वाजलं कोणाशी? तिरानाच्या, म्हणजे अल्बानियाच्या पंतप्रधान एदी रामांशी. रामांनी सर्बियाला सोबत घेऊन 'ओपन बाल्कन' बाजार काढला, कुर्तींनी त्यात यायला नकार दिला. जून २०२३ मध्ये दोन्ही सरकारांची ग्याकोवात ठरलेली संयुक्त बैठक रामांनी रद्द केली. दोन राज्यं झाली की दोन सरकारं होतात, आणि प्रत्येक सरकारला आपली खुर्ची असते.

---

ओवी

एक शंका. इथे काही जण याला 'युरोपातलं इस्लामी राष्ट्र' म्हणतात. बहुसंख्य मुसलमान आहेत ना? मग हा धार्मिक राष्ट्रवाद का नाही?

---

नकाशावेडा

ओवी, या राष्ट्रवादाची सगळ्यात वेगळी गोष्ट हीच. १८७८ च्या सुमारास पाश्को वासा नावाच्या कवीने, जो स्वतः कॅथलिक आणि उस्मानी सरकारात मोठा अधिकारी होता, लिहिलं की चर्च आणि मशीद यांच्याकडे पाहू नका, अल्बानियनाचा धर्म म्हणजे अल्बानियनत्व. ही ओळ तिथे पोरासोरांना पाठ असते. त्याला तसं लिहावं लागलं, कारण धर्मावर राष्ट्र उभं करायला गेलं असतं तर त्याचे तीन तुकडे झाले असते.

म्हणून त्यांचे मानबिंदू सगळ्या धर्मांतले आहेत. पंधराव्या शतकातला सरदार स्कांदरबेग ख्रिस्ती घरात जन्मला, सुलतानाकडे मुसलमान म्हणून वाढला आणि पुढे परत ख्रिस्ती होऊन तुर्कांशी लढला. अब्दुल, नईम आणि सामी हे फ्राशेरी बंधू बेक्ताशी. फान नोली ऑर्थोडॉक्स बिशप, १९२४ मध्ये काही महिने पंतप्रधान. आणि मदर तेरेसा, जन्म १९१० चा, स्कोप्येतल्या अल्बानियन कॅथलिक घरातला. तिरानाच्या विमानतळाला त्यांचं नाव आहे, आणि बहुसंख्य मुसलमान असलेल्या प्रिश्तिनाच्या मध्यात त्यांच्या नावाचं कॅथीड्रल आहे. आपण त्यांना कोलकात्याच्या म्हणून ओळखतो. अल्बानियन आणि मॅसेडोनियन त्यांच्यावरून आजही भांडतात.

अल्बानियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा एन्वर होजा याने १९६७ मध्ये धर्मावरच बंदी घातली, मशिदींची गोदामं आणि चर्चचे क्रीडागृह केले. ते क्रूर होतं. पण त्याची राजवट संपल्यावर हे लोक धर्मावरून एकमेकांवर धावून गेले नाहीत, हे युगोस्लाव्हियाच्या शेजारी राहून मोठंच म्हणायला हवं.

---

जुना वाचक

धर्माचा मुद्दा मान्य. पण मॅसेडोनियाचं काय? तिथे २००१ मध्ये बंदूक कोणी उचलली? तिथे मिलोसेविच नव्हता.

---

कृष्णाकाठ

आप्पा, मॅसेडोनियाचा थोडा अभ्यास केलाय म्हणून लिहितो. तिथे साधारण चौथा हिस्सा अल्बानियन. १९९१ च्या घटनेत ते अल्पसंख्याक म्हणून दुय्यम ठरले. तेतोवोत त्यांनी स्वतःचं विद्यापीठ काढलं, तर सरकारने ते बेकायदा ठरवलं आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये पोलीस कारवाईत माणूस मेला. म्हणजे तक्रारी खऱ्या होत्या. तरीही कोसोवोतून आलेली शस्त्रं आणि माणसं नसती तर बंड इतकं पेटलं नसतं, हे तुमचं म्हणणं बरोबर धरतो.

मला महत्त्वाचा वाटतो तो शेवट. १३ ऑगस्ट २००१ ला ओह्रिदचा करार झाला. एखाद्या नगरपालिकेत वीस टक्के लोक जी भाषा बोलतात ती तिथे अधिकृत. पोलिसांत, नोकऱ्यांत योग्य वाटा. विभाजन नाही. बंडाचा नेता अली अहमेती पक्ष काढून सरकारात बसला. तेतोवोचं विद्यापीठ २००४ मध्ये सरकारमान्य झालं. जानेवारी २०२४ मध्ये तलात जाफेरी हे काही महिन्यांसाठी का होईना, देशाचे पहिले अल्बानियन पंतप्रधान झाले. तेतोवोतल्या माणसाला शाळा, दाखला, कोर्ट आपल्या भाषेत मिळायला लागलं की सीमा हलवायची निकड उरत नाही. मला यातच उत्तर दिसतं.

---

ओवी

आणि ग्रीसमधले चाम, म्हणजे तिथले अल्बानियन भाषक लोक? लेखात एका वाक्यातही नाहीत.

---

नकाशावेडा

त्यांच्यावर वेगळा धागा काढायला हवा. थोडक्यात : लंडनच्या निर्णयात चामेरिया, म्हणजे चामांचा मुलूख, ग्रीसला गेला. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या मुसलमान चामांपैकी काहींनी इटालियन आणि जर्मन सैन्याला साथ दिली. १९४४-४५ मध्ये ग्रीक जनरल झेर्व्हासच्या सैन्याने सरसकट सगळ्या मुसलमान चामांना मारहाण, कत्तल करून सीमेपार हाकललं, बायकापोरांसकट. त्यांच्या जमिनी परत मिळाल्या नाहीत. ग्रीसच्या दृष्टीने हा विषय संपलेला आहे. अल्बानियात त्यांचा पक्ष आहे, पण त्याची मागणी मुख्यतः मालमत्तेची आणि परत येण्याच्या हक्काची. आणि दक्षिण अल्बानियात ग्रीक अल्पसंख्याक आहेत, ज्यांच्यावरून ग्रीक राष्ट्रवादी 'उत्तर एपिरस' मागतात. त्या भागात प्रत्येकाच्या खिशात एक मोठा नकाशा आहे. सर्बियाचा मंत्री गाराशानिन याने आपला १८४४ मध्येच लिहून ठेवला होता.

---

मेघना_झ्युरिक

भारताने कोसोवोला मान्यता दिलेली नाही ना? माझ्या सहकारणीला भारतात यायचं होतं माझ्याबरोबर, तिने स्विस पासपोर्टवर व्हिसा काढला. तिच्या बहिणीकडे कोसोवोचाच पासपोर्ट, ती आली नाही.

---

कृष्णाकाठ

बरोबर, भारताने दिलेली नाही. एकतर्फी फुटून निघण्याला मान्यता देणं काश्मीरमुळे भारताला परवडत नाही. स्पेन, ग्रीस, रुमानिया, स्लोव्हाकिया आणि सायप्रस यांचीही आपापली कारणं आहेत. २०१८ मध्ये दिल्लीत महिलांची जागतिक मुष्टियुद्ध स्पर्धा होती. कोसोवोच्या डोनयेता सादिकूला व्हिसा मिळाला नाही म्हणून ती खेळू शकली नाही. मला धोरण समजतं, पण एका खेळाडूला दारातून परत पाठवणं मला पटलं नाही.

---

नकाशावेडा

मलाही नाही.

मूळ प्रश्नावर, म्हणजे घटनेतलं ते कलम काढावं का यावर, एका गावाबद्दल लिहितो. ईशान्य अल्बानियातलं कूकस, कोसोवोच्या सीमेला लागून. होजाच्या काळात ही सीमा इतकी घट्ट बंद होती की पलीकडच्या बहिणीचं लग्न झालं की मेली हे भावाला कळायला वर्षं लागायची. १९९९ च्या वसंतात याच सीमेवरून चार लाखांहून जास्त निर्वासित अल्बानियात आले. कूकसची स्वतःची वस्ती पंचवीस हजारांच्या आसपास, पण स्वतः खायला नसताना लोकांनी अनोळखी कुटुंबं घरात घेतली. पलीकडचे अल्बानियन आणि अलीकडचे अल्बानियन पन्नास वर्षांनी एका ताटात जेवले ते असे. पुढे दोन्ही देशांनी मिळून दुर्रेस बंदर ते प्रिश्तिना महामार्ग बांधला, मधे साडेपाच किलोमीटरचा बोगदा. नाव ठेवलं 'राष्ट्राचा रस्ता'. पूर्वी खाचखळग्यांतून दिवस मोडायचा, आता सकाळी निघालेलं कोसोवोतलं कुटुंब दुपारी समुद्रात असतं. मार्च २०१८ मध्ये सरकारने त्या रस्त्यावर टोल बसवला, गाडीला पाच युरो. कूकसच्या लोकांनी टोलनाकेच जाळले. त्यांचं म्हणणं, नातेवाइकांकडे जायला पैसे का मोजायचे?

मला एकीकरण म्हणून जे पटतं ते या रस्त्यावर चालू आहे. टोल काढा, मोबाइलचे दर एक करा, एकमेकांच्या पदव्या माना, कागदपत्रांची कटकट कमी करा. त्याला घटना बदलावी लागत नाही. कलम काढलं तर दुसऱ्या दिवशी मित्रोवित्साच्या उत्तरेचे सर्ब म्हणतील आम्हीही सर्बियात जातो, आणि बोस्नियातले सर्ब म्हणतील आम्हीही. २०१८ मध्ये कोसोवोचे अध्यक्ष थाची आणि सर्बियाचे अध्यक्ष वुचिच यांच्यात प्रेशेवो आणि उत्तर कोसोवोच्या अदलाबदलीची चर्चा निघाली तेव्हा जर्मनीने विरोध केला तो याच भीतीने.

---

जुना वाचक

अदलाबदलीला माझाही विरोध आहे. निदान यावर आपलं एकमत झालं. पण कलम तुम्ही ठेवा म्हणता ते युरोपच्या भीतीने, की तत्त्व म्हणून? कारण भीती संपली की मागणी परत येईल.

---

नकाशावेडा

आप्पा, तत्त्व म्हणून. ज्या जमिनीवर दोन लोक राहतात ती एकाच्या नावावर करताना दुसऱ्याला हाकलावं लागतं. १९१३, १९४१, १९४५, १९९९, २००४, प्रत्येक वेळी हेच झालं. मागणी परत येईल का, यावर जनगणना बघा. १९८९ मध्ये अल्बानियात जवळजवळ ३२ लाख माणसं होती, २०२३ मध्ये २४ लाख. कोसोवोत २०२४ मध्ये सोळा लाखांच्या आसपास. कोसोवोच्या लोकांना शेंगेन देशांत व्हिसाशिवाय जायची मुभा १ जानेवारी २०२४ ला मिळाली, आणि पोरं नर्सिंग शिकतात ती जर्मनीला जायचं म्हणून, पुस्तक जर्मनचं हातात घेऊनच. तिथल्या घरांत आज बोललं जातं ते याबद्दल.

आणि २०१६ मध्ये कोसोवोला युएफा आणि फिफाचं सदस्यत्व मिळालं तेव्हापासून अल्बानियन मुलांपुढे दोन राष्ट्रीय संघ आहेत. प्रिश्तिनात जन्मलेला खेळाडू आधी एकतर अल्बानियाकडून खेळे, नाहीतर स्वित्झर्लंड-जर्मनीकडून. आता कितीतरी जण कोसोवो निवडतात. मेघनाताई, तुमच्या सहकारणीला विचारा : हे दोन संघ समोरासमोर आले तर घरात कोण कोणाच्या बाजूने असतं?

---

मेघना_झ्युरिक

विचारलं. आजोबा अल्बानिया, ती आणि तिचा भाऊ कोसोवो. वडील म्हणाले बरोबरी झाली तर बरं.